यंत्र बिघडलंय की भिंत?

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट एकच आहे: ‘ताई, नवीन घेऊ का?’ आणि बहुतेकांना माझं उत्तरही एकच आहे: थांबा. सावंतवाडीच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या कित्येक मशिनी माझ्या टेबलावर लावल्या की गुमान चालू होतात. दोष घरीच राहिलेला असतो. कधी प्लगात, कधी वायरीत, कधी नुसता जोडणीत. पहिलं पत्र त्यातलंच आहे. त्याला जागा जास्त दिली, कारण या प्रकाराने माणसं घाबरतात आणि उगाच खर्चात पडतात.

माझ्या डेस्कटॉपच्या लोखंडी डब्याला हात लागला की मुंग्या येतात. अनवाणी असलं की जास्त. परवा टीव्हीला एचडीएमआय केबल लावताना ठिणगी उडाली, तेव्हापासून टीव्हीचा तो पोर्ट बंद आहे. दुकानदार म्हणतो एसएमपीएस बदला. बदलू का?
*– एक वाचक, देवगड तालुका*

नका बदलू. एसएमपीएस म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा आतला भाग. नव्यातही तीच रचना असते, तेव्हा मुंग्या येतच राहतील.

एसएमपीएस उघडला, की वायर आत शिरते तिथेच टिकलीएवढे दोन कपॅसिटर दिसतात, बहुधा निळे. एक फेजपासून (वीज येते ती वायर) डब्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून (परत जाते ती) डब्याला. आतल्या सर्किटचा विजेतला गोंगाट अर्थमार्गे, म्हणजे तिसऱ्या वायरीने, जमिनीत सोडून द्यायचा, एवढंच त्यांचं काम. अर्थ नीट असेल तर तुम्हाला कधी काही कळतही नाही. अर्थ नसेल तर मात्र डबा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लोंबकळत राहतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, सहसा एका मिलिअँपियरच्या आतला, म्हणून नुसत्या मुंग्या. टेस्टर लावला तर दिवाही लागतो आणि मग घरात ओरडा होतो की डब्यात फेज उतरला. आमच्याकडे गिऱ्हाईक ‘बाय, मशीन मारता!’ म्हणत डबा पिशवीतून काढतं, तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, ‘प्लगाची जाड पिन, अर्थची, जागेवर आहे का?’ (मुंग्या नसून सणसणीत झटका बसत असेल तर गोष्ट वेगळी. मग मेन बंद करा आणि वायरमन येईपर्यंत हात लावू नका.)

टीव्हीचा पोर्टही यानेच गेला. टीव्हीला डिशची नाहीतर केबलवाल्याची वायर असते, आणि ती बाहेर कुठे ना कुठे लोखंडाला, जमिनीला टेकलेली असते. तुमचा डबा ११५ वर, टीव्ही शून्याजवळ. दोघांची गाठ तुम्ही त्या नाजूक पिनांमधून घालून दिलीत. म्हणून केबल जोडायच्या वेळी दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून उपटायचे, डिशची वायरही सोडवायची, एचडीएमआय लावायची, आणि मगच वीज द्यायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता अर्थ कुठे तुटलाय ते शोधा. आधी पॉवर कॉर्ड बघा. सॉकेट दोन भोकांचं होतं म्हणून जाड पिन पक्कडीने मोडून टाकणारे लोक आहेत. मग एक्स्टेंशन बोर्ड. स्वस्तातल्या बोर्डाला वर तीन भोकं असतात, पण आतून वायर दोनच पदरी. वायर जिथे बोर्डात शिरते तिथला स्क्रू काढून बघा. दोनच रंग दिसले तर त्या बोर्डावर मोबाईल चार्ज करा, कॉम्प्युटर लावू नका. त्यानंतर भिंतीतला बोर्ड. तो वायरमनकडूनच उघडून घ्या, पण शेजारी उभ्या राहा किंवा राहा उभे. सॉकेटला हिरवी वायर जोडलेली असते, बघणाऱ्याचं समाधान होतं, आणि तीच वायर मागे चार बोटांवर कापून सोडून दिलेली असते. पाइपातून वायरच दोन ओढल्यात, तर हिरवी जाणार कुठे?

शेवटी बाहेरचा खड्डा, जिथे अर्थची वायर जमिनीत जाते. आपल्याकडे कातळ. खणणारा दमतो आणि दीड-दोन फुटांवर अर्थची धातूची पाटी आडवी ठेवून माती लोटतो. पावसाळ्यात तो खड्डा ओला असतो, तोवर सगळं ठीक. एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा पडला की अर्थ नावालाच उरतो. मुंग्या उन्हाळ्यात वाढतात आणि जूनमध्ये कमी होतात असं कुणी सांगितलं, की मी मशीन उघडतच नाही, खड्डा बघायला सांगते.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर एसी व्होल्टच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवून तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थही जवळपास तेवढाच हवा. न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत असेल तर छान. फेज-अर्थ ९० नाहीतर १४० असं काहीतरी भलतंच दाखवत असेल, तर अर्थ हवेत लोंबतोय. सवय नसेल तर हेही वायरमनकडूनच करून घ्या.

दोन गोष्टी कुणी सुचवल्या तरी करायच्या नाहीत. सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधायचे नाहीत. त्याने मुंग्या जातात खऱ्या, पण कधी न्यूट्रल तुटला तर घरातल्या प्रत्येक लोखंडी डब्यात थेट फेज येईल. आणि अर्थची वायर नळाला बांधायची नाही. पाइप आता प्लास्टिकचे आहेत. एसएमपीएसला जाणार होते ते पैसे ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीला (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) लावा. माणूस वाचवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आमचं जुनं चिऱ्याचं घर. राऊटर पडवीत आहे. माजघरापर्यंत वायफाय येतं, पाठच्या खोलीत अजिबात नाही, आणि मुलीची परीक्षा ऑनलाइन. रिपीटर आणला तर नेट दिसतं पण चालत नाही.
*– एक वाचक, राजापूर*

चिऱ्याच्या जाड भिंती, त्या पावसात ओल धरून बसणाऱ्या. पाणी रेडिओलहरी खातं, तेव्हा राऊटर कितीही महागडा आणलात तरी चार भिंती ओलांडून जाणार नाही. रिपीटर जिथे लावलाय तिथेच जर सिग्नल अर्धमेला असेल, तर तो पुढे अर्धमेलाच देणार. शिवाय एकाच रेडिओवर ऐकायचं आणि बोलायचं म्हणजे वेग निम्म्यावर येतो.

पैसे न घालता आधी एवढं करा. राऊटर टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढून उंचावर ठेवा. सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला वेगवेगळी नावं द्या आणि मागच्या खोलीत २.४ चं नावच निवडा. तो हळू असतो, पण भिंतीतून ५ पेक्षा बरा जातो. चॅनल ‘ऑटो’ न ठेवता १, ६ किंवा ११ करून बघा, हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत.

तरी जमलं नाही तर लॅन केबल ओढा. परीक्षेसाठी वायरीइतकं भरवशाचं काही नाही. एका सलग तुकड्याची मर्यादा १०० मीटर, तुमच्या घराला भरपूर झाली. कॅट ६ घ्या, बाहेरून नेणार असाल तर उन्हात टिकणारी काळ्या आवरणाची. आणि दुकानात उभं राहून एक परीक्षा कराच: आतल्या एका बारीक तारेला ब्लेडने खरवडा. आतून पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. लांब पल्ल्यावर ती दगा देते आणि आमच्या खाऱ्या हवेत टोकाला लवकर कुजते. आतबाहेर तांबूस दिसली तरच घ्या.

पाठच्या खोलीत घरातला जुना राऊटर लावा. त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, पत्ता मुख्य राऊटरच्याच रांगेतला पण वेगळा द्या (मुख्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, फक्त तो दुसऱ्या कुणाला वाटला जाणार नाही एवढं बघा), आणि केबल ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात न घालता ‘लॅन’च्या भोकात घाला. शेवटची गोष्ट नव्वद टक्के लोक चुकतात, असं मला माझ्या टेबलावरून तरी दिसतं.

रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की तारीख बारा-पंधरा वर्षं मागे गेलेली असते. बँकेची साइट उघडत नाही, ‘कनेक्शन खासगी नाही’ म्हणते. व्हायरस आहे का?
*– एक निवृत्त शिक्षक, डिचोली, गोवा*

गुरुजी, व्हायरस नाही, सेल संपलाय. मदरबोर्डवर रुपयासारखा चपटा सेल असतो, नंबर सीआर २०३२, तीन व्होल्टचा. प्लग काढल्यावर घड्याळ तोच चालवतो. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमचं मशीन जुन्या सालात बसलंय, त्याच्या हिशेबी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. मग ब्राउझर दार उघडत नाही, आणि बरोबरच करतो.

प्लग काढा, डब्याला बाहेरून हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, सेलच्या बाजूची छोटी पट्टी दाबा, तो उडी मारून वर येतो. नवा बसवताना छापील बाजू वर. सेल किराणा दुकानातही मिळतो. चालू केल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंग) तारीख-वेळ भरा. फक्त पहिल्यांदा ‘एफ १ दाबा’ असं काही आलं तर घाबरू नका.

वडील दशावतारात काम करत. त्यांच्या नाटकांच्या आठ-दहा कॅसेट ट्रंकेत सापडल्या. लॅपटॉपला एकच भोक आहे, त्यात टेपरेकॉर्डरच्या हेडफोनची वायर लावली तर आवाज फाटका, एकाच बाजूने, आणि वर सतत घुंऽऽ. चांगली प्रत कशी करू?
*– एक वाचक, डोंबिवली*

लॅपटॉप बाजूला ठेवा, आधी कॅसेट. खिडकीतून गुंडाळीची कड बघा. पांढुरकी पावडर दिसली तर बुरशी आहे. ती कॅसेट लावलीत तर बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. तसली वेगळी काढून ठेवा, ती अनुभवी माणसाचं काम आहे. बाकीच्यांच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकूनही त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली टेप आपापसात चिकटलेली असते.

टेपरेकॉर्डरचं हेड आणि रबरी रोलर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. काडी तपकिरी होते. ती स्वच्छ निघेपर्यंत नवी काडी घ्यायची. आवाज लहरत असेल तर पट्टा सैल झालाय. आवाज दबका, रजईतून आल्यासारखा वाटत असेल तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी केसभर फिरवून बघा. अशा वेळी कान झांजेवर ठेवा. पखवाज आणि पायपेटी कशाही स्थितीत ऐकू येतात, पण झांज खणखणीत झाली की समजायचं हेड टेपला सरळ बसलं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशीनवर भरलेली असू शकते, म्हणून हे दर वेळी करावं लागेल.

आता ते एकच भोक. त्यातून आवाज आत घ्यायची सोय फक्त माइकची आहे, तीही एका कानाची. माइक काही मिलिव्होल्ट देतो, तुम्ही तिथे हेडफोनचा कैक पटींनी मोठा आवाज ओतताय, म्हणून तो फाटतो. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड घ्या, पण त्यावर ‘लाइन-इन’ आहे याची खात्री करून. नुसतं माइकचं चिन्ह असलेलं नको. शेजाऱ्याकडे जुना डेस्कटॉप असेल तर प्रश्नच मिटला, त्याच्या पाठीमागचं निळं भोक म्हणजेच लाइन-इन. गुलाबी माइकचं, हिरवं स्पीकरचं.

घुंऽऽ आवाज ५० हर्ट्झचा आहे, घरच्या विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, टेपरेकॉर्डर सेलवर चालत असेल तर सेल घाला. बहुतेक वेळा तेवढ्याने जातो. नाही गेला तर वरचं देवगडचं उत्तर वाचा.

ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्रॅम पुरेसा आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट ठेवा. नाटकातला युद्धाचा प्रसंग शोधून त्याच्यावर पातळी ठरवा, सुरुवातीच्या नमनावर नको. युद्धात सगळी वाद्यं एकदम उठली तरी काटा उणे सहा डेसिबलच्या वर जाता कामा नये. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही म्हणून ठेवा. मिनिटाला साडेदहा एमबी धरा, नव्वद मिनिटांच्या कॅसेटचे साडेनऊशे एमबी होतील. भाऊबंदांना वाटायला एमपी३ वेगळ्या करा. मूळ फाइली दोन ठिकाणी, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

आणि ‘नॉइज रिडक्शन’चं बटण जपून. सरसकट फिरवलंत की खरखर जाते आणि वडिलांच्या आवाजाची धारही जाते. मागे खोकणारे प्रेक्षक राहू देत, तेही त्या रात्रीचेच आहेत.

साउंडबार एचडीएमआयने जोडला, तरी आवाज टीव्हीतूनच येतो.
*– एक वाचक, मिरज*

टीव्हीच्या पोर्टांपैकी फक्त एकावर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ छापलेलं असतं, टीव्हीचा आवाज त्यातूनच बाहेर जातो, म्हणून केबल त्यातच हवी. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय) चालू करा. सॅमसंगवर ते अॅनीनेट प्लस, सोनीवर ब्राव्हिया सिंक, एलजीवर सिम्पलिंक या नावाने दडलेलं असतं. आवाज तुटक आला तर डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर ठेवा. टीव्हीला एआरसीच नसेल तर ऑप्टिकल केबल लावा, टोकाची टोपी काढायला विसरू नका.

माझ्याकडे २०१६ चा डेस्कटॉप आहे, चार जीबी रॅम. विंडोज १० बंद झाली म्हणतात. आता भंगारात काढायचा का?
*– एक वाचक, सातारा*

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण त्या दिवशी कुणाचं मशीन बंद पडलं नाही. फक्त सुरक्षेची डागडुजी थांबली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची योजना आहे, सेटिंगच्या अपडेट पानावर नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्यात बसत नाही. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे भेटतील, मी बसवून देत नाही.

जुनी हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी बसवा आणि रॅम आठ जीबी करा (आधी बोर्ड डीडीआर३ चा की डीडीआर४ चा ते बघून). जुनी डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, एसएसडी पाचशेच्या घरात. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकली तर पत्रव्यवहार, मराठी टायपिंग, यूट्यूब, बँक हे सगळं नीट होतं. टॅली किंवा विंडोजवरच चालणारं काही हवं असेल तर मात्र नव्या मशीनचा विचार करा. यावर मी वाद घालणार नाही.

रिमोट खराब की सेट-टॉप बॉक्स, घरी कसं ओळखायचं?
*– एक वाचक, पणजी*

मोबाईलचा सेल्फी कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट दिवा लुकलुकला तर रिमोट ठीक. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा गाळणी असते, म्हणून पुढचा वापरा. ब्लूटूथ रिमोटला ही युक्ती लागू नाही.

आमच्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात फार विजा होतात. गेल्या वेळी स्पाइक गार्ड होता तरी राऊटर आणि टीव्ही दोन्ही गेले. काय करावं?
*– एक वाचक, आंबोली*

जवळ पडलेल्या विजेपुढे दोनशे-चारशे रुपयांचा स्पाइक गार्ड टिकत नाही, आणि अर्थ नसेल तर त्याला विजेची लाट सोडायला जागाच नाही. प्लग भिंतीतून काढणं हाच उपाय. पण नुसता विजेचा नव्हे. डिशची वायर टीव्हीच्या मागून सोडवा आणि अंगणातून येणारी लॅन केबल राऊटरमधून काढा, कारण लाट बहुतेकदा यांच्यातूनच आत येते. फायबरची काच वीज वाहत नाही, पण काही केबलींना आधाराची पोलादी तार असते, ती घरात आत न घेता बाहेरच्या हुकापाशीच तोडायला सांगा. इन्व्हर्टरवर राऊटर चालतो म्हणून निर्धास्त राहू नका, इन्व्हर्टरही त्याच लायनीवर आहे. आणि हे सगळं ढग भरून आले की करायचं. गडगडाट डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावायचा नाही, राऊटर गेला तर जाऊ दे.